माध्यम : चिखल, मीठ, काळ

बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या गोदामात
बत्तीस क्रेट खाडी आली टेम्पोतून,
माहूलची.
पांढऱ्या फरशीवर ती पसरली तेव्हा
अनाहिता मॅडम अनवाणी उभ्या होत्या, डोळे मिटून.
मी दारात, पोतेरं घेऊन.

भिंतीवर पाटी लागली : ओहोटी क्रमांक सात.
माध्यम : चिखल, मीठ, काळ.
काळ कुठल्या क्रेटमधून उतरला
मी पाहिलं नाही.

माझं काम दिवसातून तीनदा पाणी फवारायचं,
बादलीला सात मुठी मीठ.
एसी बावीसवर.
नाहीतर चिखलाला भेगा पडतात,
आणि भेगा या कामात नाहीत,
त्या क्रमांक चारमध्ये होऊन गेल्या.

पहिल्या आठवड्यात लोकांनी नाकाला रुमाल लावले.
मॅडम म्हणाल्या, वास हाच आशय आहे.
दुसऱ्या आठवड्यात मालकांनी कोपऱ्यात
गवती चहाच्या वासाचं यंत्र बसवलं.
आशय जरा कमी झाला.

मला तो वास नवा नव्हता.
बाबा, जोमा नाव त्याचं, याच वासात
मांडीपर्यंत रुतून निवट्या काढायचा,
टाचेनं ओळखायचा
कुठे बीळ आहे, कुठे बाटली.
आता नुसत्या बाटल्याच लागतात, म्हणून घरी असतो.
एका शनिवारी त्याला आणलं,
इस्त्रीचा शर्ट घालून आला.
पाटीजवळ थांबलाच नाही.
दोरीवरून वाकला, हुंगलं,
"यो आपलाच हाय गो.
वरती तेल हाय. खाली बरा असंल."
मग विचारलं, तिकीट किती?
फुकट, म्हटलं.
"मंग ठीक."

एकविसाव्या दिवशी सकाळचं पाणी मारताना
डाव्या कडेला भोक दिसलं,
करंगळीएवढं,
भोवती चिखलाच्या गोळ्या, मोहरीसारख्या,
कुणी निवडून ठेवाव्यात तशा.
मॅडम म्हणाल्या, कुणीतरी बोट घातलंय.
कॅमेरे तपासले.
एका शाळेच्या सहलीवर संशय गेला.
मला म्हणाल्या, बुजव.

बुजवलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं.
पुन्हा बुजवलं, पण हलक्या हातानं,
दार नुसतं ओढून घ्यावं, कडी न लावता, तसं.

एका रात्री दिवे घालवून बसून राहिले.
आला.
एक नांगी इवलीशी, एक अंगाहून मोठी, पिवळट.
ती वर-खाली हलवत होता,
कुणाला तरी बोलावत
अख्ख्या रिकाम्या हॉलभर.
बत्तीस क्रेट आले होते
पण त्याचं दुसरं कुणी आलं नव्हतं.
खरं सांगते, मला आधी कालवणच आठवलं.
मग आठवलं, हे खात नाहीत, अंगात मांसच नसतं.
मग बराच वेळ काही आठवेना.

शेवटच्या दिवशी चिखलाचे फोटो विकले गेले,
चौकटींसकट, दुबईला.
चिखल राडारोड्यात जाणार होता,
ठेकेदार आधीच ठरला होता.
मी डब्यातली भेंडी कागदात काढून घेतली.

ट्रॉम्बेच्या धक्क्यामागे, पाइपलाइन ओलांडून,
जिथे अजून चारसहा तिवरं उभी आहेत
पिशव्या नेसून,
तिथे डबा उघडला.
लगेच निघाला नाही.
काठावर थांबला, नांगी उचलली,
माझ्याकडे की पलीकडच्या रिफायनरीच्या ज्वाळेकडे,
कोण जाणे.
मग गेला, तिरका तिरका.

घरी येऊन डबा तीनदा घासला.
तरी दुसऱ्या दिवशी चपातीला खाडी लागलीच होती.
नव्या प्रदर्शनाच्या खुर्च्या मांडून झाल्यावर
त्या यंत्राशेजारी बसून
मी ती खाल्ली, सगळी.